पॉलिसीवर लिहिलेली किंमत आणि सर्व्हेअरने लावलेली किंमत

वाचकाचे पत्र:

"आमचे गाव लांजा तालुक्यात आहे. माझ्या नावावर ट्रॅक्टर आणि टिपिंगची ट्रॉली असून ट्रॉलीची नोंदणी रत्नागिरी आरटीओत मालवाहतुकीसाठी केलेली आहे. थंडीत चिरे, एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या आणि टंचाईच्या वाड्यांना पाणी, असा धंदा चालतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस हातखंब्याजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीला डंपरने मागून धडक दिली. ट्रॅक्टर वाचला, ट्रॉलीची चॅसी पिळली आणि एक्सल तुटला. दुरुस्तीचा अंदाज १,६१,००० रुपये निघाला आणि विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, मान्य केला. पॉलिसीवर ट्रॉलीची किंमत १,९२,००० अशी छापलेली आहे. मात्र खाऱ्या हवेमुळे चॅसी आणि तळाचा पत्रा गंजलेला होता असे म्हणून नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने बाजारभाव १,५५,००० धरला आणि त्यातून सांगाड्याचे ६५,००० व दाव्यात विमाधारकाने स्वतः सोसायच्या सक्तीच्या वजावटीचे २,००० कापून ८८,००० रुपये देऊ केले. सांगाडा आमच्याकडेच राहणार आहे. येथील भंगारवाला त्याचे ३८,००० सांगतो. ट्रॉली जून २०२२ मध्ये ३,२०,००० रुपयांना घेतली होती. तशीच नवी आज पावणेचार लाखांना पडते. शिवाय मी मागाहून ४०,००० रुपये घालून पाण्याच्या टाकीचा स्टँड आणि उंच हौदा बसवून घेतला होता, त्याचा एक पैसाही धरलेला नाही. एजंट म्हणतो, सही करून टाका, नाहीतर हेही जातील. हंगाम तोंडावर आला आहे. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात तीन वेगवेगळे हिशेब एकमेकांत मिसळले आहेत. पॉलिसीवर छापलेली किंमत हा एक, आज नवी ट्रॉली घेण्याचा खर्च हा दुसरा आणि मागाहून बसवलेल्या सामानाचा खर्च हा तिसरा. पहिल्या हिशेबात आपली बाजू भक्कम आहे. दुसऱ्याचा आपल्या स्वतःच्या कंपनीशी काही संबंध नाही. तिसऱ्यात माझ्या मते आपण हात घालू नये. हे तिन्ही एकाच तक्रारीत गोळा केले, की समोरचा माणूस दुबळा मुद्दा खोडून भक्कम मुद्द्यालाही त्याच दोरीने बांधतो. दाव्यांच्या फायली पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि हे असेच घडताना मी वारंवार पाहिले आहे. नवी ट्रॉली पावणेचार लाखांना येते, हे वाक्य म्हणूनच आपल्या तक्रारीतून आधी काढून टाका.

आता पहिला हिशेब. पॉलिसीच्या पहिल्या पानांवर जो तक्ता असतो, त्यात ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची किंमत वेगवेगळ्या रकान्यांत असते आणि तिला आयडीव्ही म्हणतात. ही किंमत कोणाच्या लहरीवर ठरत नाही. उत्पादकाच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असे हे कोष्टक आहे. पाच वर्षांनंतर मात्र कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायचे असते. आपण जून २०२५ मध्ये पॉलिसीचे नूतनीकरण केले तेव्हा ट्रॉलीला तीन वर्षे पूर्ण झालेली होती, म्हणजे ४० टक्क्यांची पायरी लागू झाली. ३,२०,००० चे ४० टक्के १,२८,००० होतात, ते वजा जाता उरतात बरोबर १,९२,०००. याचा अर्थ असा, की ट्रॉली जुनी झाल्याबद्दल जे काही कापायचे होते ते जूनमध्येच कापून झाले आणि उरलेल्या रकमेवर कंपनीने आपल्याकडून हप्ता मोजून घेतला.

मोटार विम्याच्या ठरावीक शब्दरचनेत याबद्दल दोन वाक्ये आहेत आणि आपल्या सगळ्या तक्रारीचा भार त्यांच्यावरच आहे. एका वाक्यात असे म्हटले आहे, की टोटल लॉस किंवा त्यासमान नुकसानीच्या दाव्यासाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत वाहनाची बाजारातील किंमत मानली जाईल आणि तिच्यातून आणखी घसारा कापला जाणार नाही. दुसऱ्या वाक्यात कंपनीचे देणे सांगितले आहे: तक्त्यात नोंदवलेली आयडीव्ही, वजा सांगाड्याची किंमत. सर्व्हेअरने लावलेला बाजारभाव या दुसऱ्या वाक्यात कुठेही नाही. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला, की तो दावा टोटल लॉसच्या धर्तीवर सोडवायचा, असाही नियम त्याच भागात आहे. १,९२,००० चे ७५ टक्के १,४४,००० होतात आणि आपला दुरुस्तीचा अंदाज १,६१,००० आहे. तेव्हा टोटल लॉस मान्य करून कंपनीने आपल्यावर मेहेरबानी केलेली नाही. आणि एकदा तो मान्य केल्यावर १,५५,००० हा आकडा आणायला जागाच उरत नाही. ही दोन्ही वाक्ये आपल्या पॉलिसीच्या छापील पुस्तिकेत शोधा, त्यांच्याखाली रेघ मारा आणि त्या पानांची छायांकित प्रत काढून ठेवा. एजंटने फक्त पहिले पान दिले असेल, तर संपूर्ण शब्दरचना कंपनीकडून मागवून घ्या.

गंजाच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण किनाऱ्यावरच्या वाहनधारकांना तो हमखास ऐकवला जातो. आपल्याकडे चिऱ्यांची लाल माती, चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा यांच्यात कोणत्याही ट्रॉलीचा तळ तीन वर्षांत कोरा राहत नाही, हे सर्व्हेअरला जसे ठाऊक आहे तसेच पॉलिसी देणाऱ्यालाही ठाऊक होते. त्याला शंका असती, तर नूतनीकरणापूर्वी ट्रॉलीची पाहणी करून कमी आयडीव्ही सुचवण्याची मुभा त्याला होती. तसे न करता १,९२,००० वर हप्ता घ्यायचा आणि अपघातानंतर गंज मोजायला बसायचे, हे चालत नाही. झीज आणि गंज यांमुळे होणारे नुकसान पॉलिसीत वगळलेले असते, हे खरे आहे. परंतु त्याचा अर्थ इतकाच, की गंजून पत्रा आपोआप फाटला तर कंपनी त्याचे पैसे देणार नाही. आपली चॅसी डंपरच्या धडकेने पिळली. गंजामुळे अपघात झाला, असे सर्व्हेअरने अहवालात कोठे लिहिले आहे का, एवढे मात्र बारकाईने पाहा. तसे लिहिले असेल तर तो वेगळा आणि गंभीर मुद्दा होतो, आणि त्याला पोलिसांचा पंचनामा व घटनास्थळाची छायाचित्रे जोडून उत्तर द्यावे लागेल.

कित्येकदा असेही होते, की सुट्या भागांचा घसारा चुकून टोटल लॉसला लावला जातो. रबर, प्लास्टिक आणि टायर यांवर ५० टक्के, लोखंडी भागांवर वयाप्रमाणे कमीअधिक, ही वजावट फक्त दुरुस्तीच्या दाव्यात होते. १,५५,००० हा आकडा तसा निघाला आहे काय, हे आपल्याला सर्व्हेअरच्या अहवालावरून कळेल. अहवालाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ती तोंडी मागू नका.

सांगाड्याच्या किमतीचा वाद गंजाच्या वादापेक्षा अवघड आहे, कारण तेथे कोष्टक नाही. कंपनी म्हणते ६५,०००, भंगारवाला म्हणतो ३८,०००, आणि दोघांनाही आपापला आकडा सोयीचा आहे. माझा सल्ला असा, की या घासाघिशीत शिरूच नका. सांगाडा आपल्याला ठेवायचा नाही, तो कंपनीने ताब्यात घ्यावा आणि वजावट जाऊन १,९०,००० रुपये द्यावेत, असे लेखी कळवा. ज्या खरेदीदाराने ६५,००० ची बोली लावली असेल, त्याने ती रक्कम भरून सांगाडा उचलून न्यावा. आपली काही हरकत नाही. कागदावरची बोली खरी असेल तर कंपनीचा यात काहीच तोटा नाही. खरी नसेल तर ते दोन-चार दिवसांत आपोआप दिसून येते, आणि पुष्कळदा याच टप्प्यावर सांगाड्याचा आकडा खाली येतो. मागची चाके, हायड्रॉलिकचा जॅक आणि जू चांगल्या स्थितीत असल्यामुळे सांगाडा ठेवण्याचा आपल्याला मोह होत असेल, तर तो कितीला परवडतो हे आधी ठरवा. ३८,००० धरले तर हाती १,५२,००० यायला हवेत. त्या वेळी दोन-तीन भंगार व्यापाऱ्यांची, वजन आणि दर लिहिलेली, सहीशिक्क्याची पत्रे जोडा. फोनवर सांगितलेला भाव कोणीही मानणार नाही. निर्णय होईपर्यंत सांगाड्याचा एकही भाग काढू नका, त्याच्यावर ताडपत्री घाला आणि तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा.

आता टाकीचा स्टँड आणि उंच हौदा. आपली निराशा होईल, पण स्पष्ट लिहितो. मूळ बिलात जे होते, म्हणजे ट्रॉली, टिपिंगचा जॅक, चाके, ते १,९२,००० मध्ये आलेले आहे. नंतर बसवलेल्या सामानाची किंमत पॉलिसीच्या तक्त्यात वेगळी नोंदवून त्यावर हप्ता भरला असता तरच ती मिळाली असती. तशी नोंद आपण केलेली दिसत नाही. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत बदल केला, तर तो आरटीओकडे नोंदवावा लागतो. उंच हौद्याची नोंद आरसीवर नसेल, तर त्याचे पैसे मागणारे पत्र म्हणजे समोरच्याला नवा आक्षेप आयता पुरवणे होय. ४०,००० साठी १,९०,००० अडकवू नयेत, असे मला वाटते. आपला व्यवसाय मालवाहतुकीच्या नोंदणीवर चालतो, ही आपल्या बाजूची मोठी गोष्ट आहे. शेतीच्या नावावर नोंदलेल्या ट्रॉल्यांतून चिरे नेणाऱ्यांचे दावे वापराच्या अटीवरच अडतात आणि किमतीच्या वादापर्यंत पोहोचतही नाहीत.

कंपनीला पाठवायचे पत्र एका पानाचे असावे. ते मराठीत लिहिले तरी चालते. मजकूर साधारण असा ठेवा: "पॉलिसीच्या तक्त्यात ट्रॉलीची आयडीव्ही १,९२,००० रुपये नमूद आहे. आपण हा दावा टोटल लॉस म्हणून मान्य केला आहे. पॉलिसीच्या अटींनुसार आयडीव्ही हीच मुदतीभर बाजारातील किंमत मानायची असून तिच्यातून पुन्हा घसारा कापता येत नाही. तरी १,५५,००० ही किंमत पॉलिसीतील कोणत्या अटीच्या आधारे धरली, हे लेखी कळवावे. सांगाडा ताब्यात घेऊन सक्तीची वजावट वगळता उर्वरित रक्कम द्यावी. सर्व्हेअरच्या अहवालाची आणि सांगाड्याच्या बोलीची प्रत द्यावी." यात राग नको, हंगामाची कहाणी नको आणि एजंटने काय सांगितले तेही नको. "कोणत्या अटीच्या आधारे" हा प्रश्न मात्र गाळू नका, कारण त्याचे सरळ उत्तर देणे कंपनीला जड जाईल. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टने, असे दोन्ही मार्गांनी पाठवा. विमा नियामक प्राधिकरणाच्या बिमा भरोसा या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवा. १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही ती नोंदवता येते. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. आपल्या प्रकरणातल्या तारखा त्यापुढे गेल्या असतील, तर तेही एका ओळीत नमूद करा.

एजंटच्या "सही करा" या सल्ल्याविषयी. हातात पैसे नसताना ट्रॉलीचे भाडे बुडते आहे, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आहे, याची मला जाणीव आहे, आणि कंपनीच्या कार्यालयातही ती असते. ८८,००० ही रक्कम कंपनीला स्वतःलाच मान्य आहे. तेव्हा ती तेवढ्यापुरती द्यावी आणि उरलेल्या रकमेचा वाद चालू राहावा, अशी लेखी मागणी करा. ज्या पावतीवर "पूर्ण व अंतिम" असे छापलेले असेल, तिच्यावर सहीच्या वर स्वहस्ते लिहा: "रक्कम हक्क राखून, निषेध नोंदवून स्वीकारली, उर्वरित रकमेचा दावा कायम आहे." कंपनीने अशी पावती नाकारली, तर तो नकार ईमेलवर मिळवा. दबावाखाली किंवा चुकीच्या माहितीवर घेतलेल्या अशा पावतीमुळे ग्राहकाचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे आणि नियामकानेही २०१५ मध्ये कंपन्यांना तशी समज दिली आहे. तरीही दबाव होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा, सही करताना एक ओळ लिहिणे पुष्कळ सोपे आहे.

कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. तेथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातूनही होऊ शकते, त्यामुळे घाट चढून पुणे गाठावेच लागेल असे नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही, तर पुढचे मार्ग खुले राहतात.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीतच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ट्रॉली धंद्याची असल्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप कंपनीचा वकील घेईल. त्याला घाबरू नका. विमा हा नुकसान भरून काढण्याचा करार आहे, त्यातून नफा कमावला जात नाही, म्हणून व्यावसायिक विमाधारकसुद्धा ग्राहक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, हेही त्याच न्यायालयाने २००९ मध्ये एका ट्रकच्या दाव्यात म्हटले होते. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही. आपल्या प्रकरणात साक्षीपुरावे फारसे नाहीत, प्रश्न पॉलिसीच्या दोन वाक्यांचा आहे. म्हणून आधी लोकपाल, असे माझे मत आहे.

पावणेचार लाखांच्या हिशेबाकडे आता वळू. बुडालेले भाडे, ट्रॉली उचलून आणण्याचा पॉलिसीच्या मर्यादेबाहेरचा खर्च, आयडीव्ही आणि प्रत्यक्ष किंमत यांतली तफावत, यांपैकी काहीही आपली कंपनी देणार नाही, कारण आपण तसा विमा उतरवलेलाच नाही. परंतु चूक डंपरची होती. उभ्या वाहनाला त्याने मागून धडक दिली. त्यामुळे डंपरचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचा अर्ज करता येतो. नव्या ट्रॉलीचे दरपत्रक, गेल्या दोन हंगामांची भाड्याची बिले, बँकेचे उतारे यांचा उपयोग तेथे आहे. येथे मात्र वकील घ्या आणि उशीर करू नका: एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे आपली मुदत मे २०२६ च्या अखेरीस संपते. डंपरचा क्रमांक, त्याच्या पॉलिसीचा तपशील आणि पंचनाम्याची प्रत पोलीस ठाण्यातून आताच मिळवा. आपली कंपनी पैसे देताना, डंपरकडून वसुलीचा हक्क तिला देणाऱ्या कागदावर सही मागेल. सही द्या, पण तो हक्क कंपनीने दिलेल्या रकमेपुरताच आहे आणि विम्याबाहेरचे नुकसान वसूल करण्याचा हक्क आपल्याकडे राहील, एवढे त्यात लिहून घ्या.

शेवटची गोष्ट आरसीची. वाहन कायमचे निकामी झाले, की मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची असते. आपला वाद मिटायला वेळ लागणार असल्यामुळे, दावा प्रलंबित आहे असा उल्लेख करून आरटीओला आत्ताच पत्र द्या आणि पोच घ्या. सांगाडा नेताना खरेदीदाराचा माणूस बहुधा वाहन हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या मागेल. त्या देऊ नका. नोंदणी रद्द झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत त्या चॅसी क्रमांकाची जबाबदारी आपल्याच नावावर असते, आणि तोच क्रमांक उद्या दुसऱ्या एखाद्या ट्रॉलीवर ठोकलेला सापडला तर पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येतील.